मोबाईलची पिन मशीनला लावताना

गावात कार्यक्रम ठरला की मंडपवाला ठरतो, आचारी ठरतो, पाहुणे ठरतात. "गाणी कोण लावणार?" असं कुणीतरी विचारतं तेव्हा सगळे एखाद्या कॉलेजातल्या पोराकडे नाहीतर शाळेतल्या सगळ्यांत नव्या सरांकडे बघतात. शाळेचं स्नेहसंमेलन असो, १७ सप्टेंबरचं ध्वजवंदन असो, सप्त्याचा मंडप असो की लग्न, मोबाईल हातात घेऊन मशीनशेजारी, म्हणजे साउंडच्या अ‍ॅम्प्लिफायरशेजारी, बसायचं काम त्याच्याकडे येतं. हा लेख त्याच्यासाठी आहे.

इअरफोन लावून ऐकलं तेव्हा गाणं छान असतं. भोंग्यातून मात्र ते फाटतं, पिचतं, किंवा गाणाऱ्याचा आवाजच गायब होऊन नुसतं संगीत उरतं. मग "मोबाईल भारी पाहिजे होता" अशी चर्चा होते. माझं मत वेगळं आहे. सात-आठ हजारांचा मोबाईलसुद्धा मंडपापुरता पुरेसा स्वच्छ आवाज देतो. घोळ होतो तो मोबाईल आणि मशीन यांच्यामधल्या सांध्यांत: अडॅप्टर, वायर, चुकीचं भोक आणि चुकीची लेव्हल.

मोबाईलमधून आवाज बाहेर कुठून येतो

आधी आपलं यंत्र उलटसुलट करून बघा. गोल ३.५ मिमीचं भोक असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर टाइप-सी असेल, किंवा जुन्या आयफोनला लायटनिंग. अ‍ॅपलने २०१६ साली आयफोन ७ मधून गोल भोक काढलं, पुढे बाकीच्या बऱ्याच कंपन्यांनी तोच रस्ता धरला आणि २०२३ मध्ये आयफोन १५ पासून अ‍ॅपलही टाइप-सीवर आलं. मध्यम किमतीच्या फोनांत गोल भोक अजून सापडतं. माझा सल्ला विचाराल तर घरात पडलेला, स्क्रीनला तडा गेलेला पण गोल भोक असलेला जुना फोन फेकू नका. सिम काढा, गाणी भरा आणि तो मंडपाचा फोन करून टाका. त्यावर कुणाचा कॉल येणार नाही, हा त्याचा सगळ्यांत मोठा गुण.

इथं एक भेद नीट समजून घ्यायला हवा. मोबाईलचं गोल भोक हे इअरफोनसाठी आहे, ते खरं लाइन-आउट नाही. लाइन-आउटची पातळी ठरलेली असते आणि व्हॉल्यूमचं बटण दाबून ती बदलत नाही. सीडी प्लेअरच्या मागे असतात ती लाल-पांढरी भोकं म्हणजे लाइन-आउट. हातात मावणाऱ्या यंत्रांत असं लाइन-आउट फार थोड्यांना मिळालं. २००३ पासूनच्या आयपॉडच्या तळाशी जो तीस टोकांचा रुंद कनेक्टर होता, त्यातून ते मिळायचं. आज काही गाणी ऐकायच्या खास प्लेअरना आणि हातातल्या रेकॉर्डरना ते असतं. काही प्लेअरमध्ये भोक एकच असतं आणि सेटिंगमध्ये जाऊन ते 'लाइन-आउट' करता येतं. तसं केलं की व्हॉल्यूम एकदम पूर्ण होतो. त्यात चुकूनही इअरफोन घालून कानाला लावू नका.

थोडे आकडे सांगतो, कारण त्यांच्याशिवाय पुढचं कळणार नाही. माइकमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो. घरगुती उपकरणांची लाइन पातळी साधारण ०.३ व्होल्ट, व्यावसायिक मिक्सरची (बरेच आवाज एकत्र करून मशीनला देणाऱ्या पेटीची) १.२३ व्होल्ट आणि सीडी प्लेअरची २ व्होल्टपर्यंत. मोबाईलचं इअरफोनचं भोक पूर्ण व्हॉल्यूमला अर्ध्या ते एक व्होल्टच्या आसपास देतं. म्हणजे नावाने लाइन-आउट नसलं तरी मोबाईल लाइनचं काम आरामात करतो. शिवाय मशीनचं लाइन इनपुट इअरफोनइतका भार टाकत नाही. इअरफोनचा अडथळा सोळा-बत्तीस ओहम असतो, लाइन इनपुटचा साधारण दहा हजार ओहम किंवा जास्त. भार हलका असला की मोबाईलमधला छोटा अ‍ॅम्प्लिफायर दमत नाही आणि आवाज उलट जास्त स्वच्छ राहतो.

टाइप-सीचं अडॅप्टर घेताना

छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटला जा की तालुक्याच्या बस स्टँडसमोरच्या दुकानात, टाइप-सी ते गोल भोक असं अडॅप्टर सगळीकडे मिळतं. अडचण अशी की दिसायला एकसारख्या दिसणाऱ्या त्या तुकड्यांचे दोन प्रकार आहेत. एकात नुसत्या तारा असतात. फोन स्वतः टाइप-सीतून तयार आवाज बाहेर सोडत असेल तरच तो चालतो आणि आजचे बरेच फोन तसं करत नाहीत. दुसऱ्यात एक छोटी चिप असते. फोन आकड्यांच्या रूपात गाणं देतो आणि ही चिप त्याचा आवाज बनवते. या चिपला डॅक म्हणतात. आपल्याला घ्यायचं ते हे दुसरं. आयफोनला तर नुसत्या तारांचं अडॅप्टर चालतच नाही.

पाकिटावर 'डॅक' लिहिलेलं आहे का बघा, पण त्यावर विसंबू नका. दुकानातच स्वतःचा फोन, स्वतःचा इअरफोन लावून एक गाणं पूर्ण ऐका. ऐकताना पिनेला हलकेच फिरवा. खरखर झाली किंवा एक कान बंद पडला तर दुसरं मागा. दुकानदार वैतागला तर वैतागू द्या, मंडपात हजार लोक वैतागण्यापेक्षा ते परवडलं.

अ‍ॅपलचं छोटं पांढरं अडॅप्टर आवाजाला खरोखर चांगलं आहे, किमतीच्या मानाने तर फारच. पण काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज बराच कमी निघतो, कारण फोन त्या चिपचा स्वतःचा व्हॉल्यूम वर नेत नाही. तुमच्या फोनवर तसं होत असेल तर ते अडॅप्टर मंडपाला नको.

आणखी एक खोडी. काही कंपन्यांच्या फोनांत 'ओटीजी' नावाचं बटण सेटिंगमध्ये चालू करावं लागतं, तेव्हाच असं अडॅप्टर ओळखलं जातं. आणि दहा मिनिटं वापर नसला की ते आपोआप बंद होतं. प्रमुख पाहुण्यांचं भाषण दहा मिनिटांत संपत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. भाषण संपायच्या आधी एकदा सेटिंग उघडून बघा.

वायर: इथं सगळ्यांत जास्त घात होतो

बाजारातली नावं आधी पाठ करा, कारण दुकानात तीच चालतात. ३.५ मिमीच्या बारीक पिनेला ईपी पिन म्हणतात. माइकच्या जाड पिनेला पी-३८. लाल-पांढऱ्या पिना आरसीए, आणि तीन काट्यांची गोल जाड पिन म्हणजे कॅनन. ईपी पिनेवर काळ्या रेघा मोजा. दोन रेघा असतील तर ती स्टीरिओ आहे: टोक डाव्या बाजूचं, मधलं कडं उजव्या बाजूचं, मूळ जमिनीचं, म्हणजे ग्राउंडचं. तीन रेघा असतील तर त्यात माइकची तारही आहे, म्हणजे ती बोलायच्या इअरफोनची पिन. मशीनला जोडायला आपल्याला दोन रेघांची हवी.

मशीनच्या मागे किंवा पुढे 'ऑक्स' किंवा 'लाइन' लिहिलेलं भोक असतं, बहुतेक वेळा आरसीएचं. तिथं ईपी ते दोन आरसीए अशी वायर लावा. एवढं केलं तर पुढची निम्मी दुखणी होतच नाहीत. मिक्सर असेल तर स्टीरिओ चॅनल (डाव्या-उजव्या आवाजाची जोडी आत घेणारी वाट) शोधा, त्याला डावं-उजवं अशी दोन पी-३८ची भोकं असतात. तिथं ईपी ते दोन पी-३८ची वायर जाते.

पण होतं काय, ऑक्सचं भोक आधीच कशाने तरी भरलेलं असतं, किंवा खराब असतं, आणि साउंडवाले मामा म्हणतात, "सर, हे घ्या, माइकमध्ये टाका, चालतंय." चालतं, पण कसं? माइकच्या भोकाला मिलिव्होल्टची सवय. त्यात मोबाईलचा अर्धा व्होल्ट सोडणं म्हणजे ठिबकच्या बारीक नळीला पाच एचपीची मोटर थेट जोडणं. आवाज पहिल्याच पायरीवर फाटतो, आणि एकदा फाटलेला आवाज पुढे कितीही कमी केला तरी फाटलेलाच राहतो. माइकचंच भोक वापरणं भाग असेल तर चॅनलवर 'पॅड' किंवा 'माइक-लाइन' असं, आत येणारा सिग्नल कमी करणारं बटण आहे का बघा, ते दाबा. तेही नसेल तर मोबाईलचा आवाज अगदी खाली ठेवून भागवावं लागतं. ते नाइलाजाचं काम आहे, दर्जाचं नाही.

आता गाणाऱ्याचा आवाज गायब होण्याची गोष्ट. हे कोडं नव्या माणसाला हमखास पडतं आणि लोक गाण्याच्या फाइलला दोष देत बसतात. कारण असं आहे. मिक्सरवरची चांगली भोकं दोन तारांमधला फरक मोजतात. लांब वायरीत शिरलेला कचरा दोन्ही तारांत सारखाच असतो, वजाबाकी झाली की तो निघून जातो, म्हणून ती सोय. तिथं तुम्ही मोबाईलची स्टीरिओ पिन एका टोकाला ईपी आणि दुसऱ्या टोकाला एकच पी-३८ किंवा कॅनन अशा वायरीने घातली, की मिक्सर डाव्या बाजूतून उजवी बाजू वजा करतो. गाण्यात गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा असतो. सारख्यातून सारखं गेलं, हाती शून्य. उरतं ते कडेकडेचं संगीत आणि गायकाच्या आवाजाची पोकळ गुंज. लेकरं स्टेजवर तोंड हलवत उभी आणि शब्दच नाहीत!

यावर तीन उपाय आहेत. पहिला आणि सगळ्यांत साधा: दोन चॅनल वापरा, एकात डावं, एकात उजवं. दुसरा: वायर करून घ्या. डाव्या आणि उजव्या तारेत प्रत्येकी एक किलोओहमचा रेझिस्टर घालून त्यांची पुढची टोकं एकत्र जोडायची आणि ती साध्या दोन टोकांच्या पी-३८ पिनेच्या टोकाला डाकायची, जमीन जमिनीला. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला हे पंधरा मिनिटांत करून देतो आणि रेझिस्टरची किंमत चिल्लरीत असते. रेझिस्टर न घालता डावं-उजवं थेट एकत्र पिळलेल्या वायरी बाजारात मिळतात. त्यांत मोबाईलचे दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर एकमेकांविरुद्ध ढकलत बसतात, त्या टाळलेल्या बऱ्या. तिसरा उपाय मोबाईलमध्येच आहे: सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'त 'मोनो ऑडिओ' चालू करा. अँड्रॉइडला आहे, आयफोनलाही आहे. मग डाव्या बाजूतच सगळं गाणं येतं आणि एकच आरसीए पिन लावून भागतं. मात्र मोनो चालू करून वरची ती चुकीची एकेरी वायर वापरलीत तर दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होऊन जवळजवळ सगळाच आवाज वजा होईल. आधी वायर सुधारा, मग मोनो.

भोंगे किंवा मंडपाचे बॉक्स तसेही सगळे एकच आवाज देतात. गल्लीच्या एका टोकाला डावा आणि दुसऱ्या टोकाला उजवा असं स्टीरिओ करण्यात काही अर्थ नाही. तेव्हा मोनोने काही गमावत नाही.

कॅननची वायर वापरायची वेळ आलीच तर मिक्सरवर '४८ व्होल्ट' किंवा 'फँटम' लिहिलेलं बटण बंद आहे ना ते आधी बघा. काही माइकांना लागणारी ती वीज कॅननमधून उलटी तुमच्या मोबाईलकडे येते.

लांबीचं म्हणाल तर मोबाईलपासून मशीनपर्यंतची साधी वायर तीन-चार मीटरच्या आत ठेवा. स्टेजवरून मंडपाच्या मागच्या कोपऱ्यात न्यायचं असेल तर डीआय बॉक्स नावाची छोटी डबी लागते. ती साध्या सिग्नलला दोन तारांच्या सिग्नलमध्ये बदलते आणि मग कॅननच्या वायरीने लांबवर नेता येतं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या साउंडवाल्यांकडे ती बहुधा असते, मागून बघा. नसेल तर सरळ तुम्हीच मशीनजवळ जाऊन बसा.

लेव्हल लावायची पद्धत

क्रम महत्त्वाचा आहे. मशीनचा मास्टर (सगळ्याचा मिळून बाहेर जाणारा आवाज) शून्यावर, चॅनलचा आवाज शून्यावर. मग पिन लावा. चालू मशीनमध्ये आवाज वर असताना पिन खुपसली तर 'ठप्प' असा जो दणका बसतो, त्याने भोंग्याच्या युनिटमधला पातळ पडदा जाऊ शकतो.

आता मोबाईलमधला इक्वलायझर, 'बास बूस्ट', 'डॉल्बी' वगैरे सगळं बंद करा. ते इअरफोनसाठी असतं. मोबाईलचा आवाज साधारण ऐंशी ते नव्वद टक्क्यांवर न्या. पूर्ण शंभर का नाही? काही फोन अगदी शेवटच्या घराला जरा फाटतात, म्हणून एक-दोन घरं खाली. आणि वीस टक्के का नाही? कारण मग कमी पडलेला आवाज मशीनकडून ओढून घ्यावा लागतो, आणि मशीन गाण्यासोबत वायरीतली सूं-सूंही तेवढीच मोठी करतं.

गाण्याचा सगळ्यांत मोठा भाग लावा, ढोल-ताशाचा असेल तर तोच. चॅनलचा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) हळूहळू वाढवा. 'क्लिप' किंवा 'पीक'चा लाल दिवा लागला की मागे या, तो लागलाच नाही पाहिजे. शेवटी मास्टर मंडपाच्या गरजेइतका वर. आवाज फाटायला लागला तर घाईने मास्टर कमी करण्याआधी लाल दिवा कुठे लागतोय ते शोधा, फाटतंय ते तिथं.

पिन काढून परत घातली की बऱ्याच फोनांत आवाज आपोआप खाली येतो, किंवा 'जास्त आवाजाने कानाला इजा होऊ शकते' अशी सूचना येऊन अडकतो. दर वेळी पिन घातल्यावर व्हॉल्यूमची पट्टी डोळ्यांनी बघा. मशीनवाल्याशी "तुमचंच कमी आहे" असा वाद घालण्याआधी तर नक्कीच.

ही चाचणी दिवसा करून ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद ठेवण्याचा नियम २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. वर्षातले ठरावीक दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, पण ते दिवस कोणते हे आधी विचारून घ्यावं लागतं. तुमची रात्रीची साउंड-चेक त्यात बसत नाही.

घूं आणि टर्र-टर्र

"मशीन घूं करायलंय" ही तक्रार आली की सगळ्यांत आधी मोबाईलचा चार्जर काढा. दहापैकी बऱ्याच वेळा तिथंच प्रश्न मिटतो. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि चार्जरमधून त्या हेलकाव्याचा थोडा अंश मोबाईलच्या जमिनीवर येतो. मशीनची जमीन वेगळी, दोन्हींमध्ये ऑडिओची वायर हाच एक पूल, आणि त्या पुलावरून ही घरघर आत येते. म्हणून कार्यक्रमाला बसताना मोबाईल पूर्ण चार्ज करून बसा. पॉवर बँक चालते, कारण तिला भिंतीची वीज नसते. अर्थात पॉवर बँकच चार्जिंगला लावून ठेवलीत तर काही उपयोग नाही.

चार्जर काढूनही घूं राहिली तर मोबाईलची पिन काढून बघा. घूं गेली तर दोष वायरीत किंवा मोबाईलकडे. राहिली तर मशीन, माइक किंवा वीज यांच्यात. ऑडिओची वायर झालरीच्या लाइटांच्या वायरीला गुंडाळलेली असते, ती सोडवा. दोन्ही एकमेकींवरून जाणं भागच असेल तर काटकोनात जाऊ द्या, शेजारी-शेजारी धावू देऊ नका. लोडशेडिंगमध्ये मशीन इन्व्हर्टरवर टाकलं आणि अचानक भुंग्यासारखी गुणगुण सुरू झाली, तर तो स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असण्याची शक्यता मोठी. साइन वेव्हवाला मागा किंवा जनरेटरवर जा.

अर्थिंगचं आपल्या भागात वेगळंच असतं. चैत्र-वैशाखात काळी जमीन भेगाळते, तिच्यातला ओलावा जातो आणि पुरलेल्या अर्थिंगची पकड सुटते. जुने वायरमन उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात, ते उगाच नाही. लग्नाचा हंगाम नेमका तेव्हाच असतो. पण घूं घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची जाड अर्थिंगची पिन मोडायची किंवा तार काढून टाकायची, हे कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. घूं जाईलही, पण मशीनच्या पत्र्यात वीज उतरली तर माइक धरणाऱ्याचा जीव जातो. घूं घालवायची सुरक्षित वस्तू वेगळी आहे. आयसोलेटर नावाची छोटी डबी ऑडिओच्या वायरीत मध्ये लावायची, आत ट्रान्सफॉर्मर असतो, तो पूल तोडून फक्त आवाज पलीकडे जाऊ देतो. गाडीच्या साउंडच्या दुकानातही ती मिळते.

'टर्र-टर्र, टट्-टट्' असा आवाज मात्र विजेचा नाही, तो मोबाईलच्या रेंजचा. शिवारातल्या गावात फोन टू-जीवर घसरला की तो तुकड्या-तुकड्यांनी जोरात सिग्नल फेकतो आणि शेजारची वायर तो झेलते. विमान मोड लावा. सोबत मशीनवर मोबाईल ठेवून गप्पा मारणाऱ्या मित्रांचे फोनही उचला.

विमान मोडमुळे कॉल थांबतात, 'डू नॉट डिस्टर्ब'ने बाकीच्या सूचना थांबतात. अलार्म मात्र दोन्हींना जुमानत नाही. सप्त्यात काकड्याला उठण्यासाठी पहाटेचा अलार्म लावलेला फोनच मशीनला असेल तर सगळं गाव तुमच्यासोबत उठेल.

गाण्याची फाइल

इथं मी थोडक्यात आटोपतो, कारण लोक याच बाबतीत गरजेपेक्षा जास्त डोकं लावतात. भोंगा जाड, खालचा आवाज देतच नाही. पखवाजाच्या कणकेच्या बाजूचा 'धुम्' भोंग्यातून नुसता 'टक' होतो, मग फाइल एमपी३ असो की महागडी हाय-रिझोल्यूशन. भोंग्यासाठी १२८ केबीपीएसची नीट फाइल पुरते. चांगले मोठे बॉक्स आणि बासचे बॉक्स लावलेले असतील तर ३२० केबीपीएस किंवा फ्लॅक (दर्जा न गमावता साठवलेली फाइल) वापरा, तिथं फरक ऐकू येतो, विशेषतः टाळांच्या झणत्कारात. वाईट फाइलमध्ये टाळ 'छस्-छस्' असे विरघळल्यासारखे येतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर गाणं मागवताना पाठवणाऱ्याला ते 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. व्हिडिओचं गाणं व्हिडिओ म्हणूनच आलं तर ते दाबून बारीक केलेलं असतं, आणि दोन-चार गटांतून फिरून, प्रत्येक ठिकाणी कापून-जोडून आलेलं गाणं तर पार चोथा झालेलं असतं. इंटरनेटवरून थेट वाजवू नका. रेंज जाते, आणि रेंज असली तर स्वागतगीताच्या मध्यात जाहिरात येते. सगळी गाणी फोनमध्ये उतरवा, नावापुढे क्रम घाला: ०१ स्वागतगीत, ०२ इयत्ता चौथी, असं. राष्ट्रगीत आणि राज्यगीत वेगळ्या फोल्डरमध्ये. 'एकामागून एक वाजवा' हे बंद. नाहीतर राष्ट्रगीत संपल्याबरोबर, लोक अजून सावधानमध्ये असताना, पुढचं लावणीचं गाणं सुरू होतं.

ब्लूटूथ की पेनड्राइव्ह

ब्लूटूथ आवाजाच्या दर्जासाठी लोक समजतात तितका वाईट नाही. साध्या मशीनमधला ब्लूटूथ बहुतेक एसबीसी या पद्धतीवर चालतो, त्यात सेकंदाला सव्वातीनशे किलोबिटपर्यंत माहिती जाते. एलडॅक नावाच्या पद्धतीत ती ९९० पर्यंत जाते, पण दोन्ही बाजूंना ती असावी लागते. मंडपात एसबीसी खपून जातो. खरी भानगड विश्वासाची आहे. फोन खिशात घालून तुम्ही पाठ फिरवलीत की मधे तुमचंच शरीर येतं आणि आवाज तुटतो. मशीन दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनला जोडलं जातं. आवाज थोडा उशिरा पोचतो. नुसत्या गाण्यावर नाचताना ते जाणवत नाही, पण पडद्यावर व्हिडिओ आणि मशीनवर आवाज असं असेल तर ओठ आणि शब्द जुळत नाहीत. माझ्या हातात असेल तर वायर आधी, ब्लूटूथ तिच्या मागे राखीव. विमान मोड लावल्यावर ब्लूटूथ हवा असेल तर तो वेगळा चालू करावा लागतो.

मशीनलाच पेनड्राइव्हचं भोक असेल आणि गाण्यांचा क्रम पक्का असेल तर तो सगळ्यांत निवांत मार्ग. मोबाईल, अडॅप्टर, वायर सगळंच वगळलं जातं. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा, बरीच मशीनं दुसरं काही वाचत नाहीत. फक्त मधूनच गाणं थांबवून परत मागे नेणं अशा छोट्या स्क्रीनवर कठीण जातं. नृत्याच्या कार्यक्रमाला म्हणूनच मोबाईल बरा, नुसत्या भजनांच्या पट्टीला पेनड्राइव्ह.

पिशवीत काय असावं

ईपी ते दोन आरसीए वायर, एक नाही, दोन. ईपी ते दोन पी-३८. रेझिस्टरवाली मोनो वायर. चिपवालं अडॅप्टर आणि त्याचा जोडीदार. आयसोलेटर. चार्ज झालेली पॉवर बँक. तीच गाणी भरलेला पेनड्राइव्ह. साधा इअरफोन, पुढचं गाणं दुसऱ्या फोनवर ऐकून खात्री करायला. आणि लाकडी काडी: आपल्याकडची धूळ आणि खिशातला लोकरीसारखा मळ गोल भोकाच्या तळाशी दाबून बसतो, मग पिन पूर्ण आत जात नाही आणि एकाच बाजूने आवाज येतो. फोन बंद करून काडीने हलकेच उकरा. सुई किंवा टाचणी नको, आतले पितळी पाकळ्यांसारखे संपर्क वाकतात.

कार्यक्रम संपला की आवरताना क्रम उलटा: आधी चॅनल आणि मास्टर खाली, मग मशीनचं बटण बंद, त्यानंतर मोबाईलची पिन. पिन ओढताना वायरीला धरू नका, तिच्या जाड डोक्याला धरा. वायर हाताच्या कोपराभोवती करकचून गुंडाळू नका, सैल गोल वेटोळं करा आणि सुतळीने बांधा. विमान मोड काढायचा राहिला तर रात्री घरचे फोन लावून थकतील.